शेवटच्या सतरंजीपर्यंत

आमच्या महिला भजनी मंडळात एक काकू आहेत. वय सत्तरीच्या पुढे, आवाज लहान, पण सुराला इतका पक्का की पेटी वाजवणाराच त्यांच्या मागोमाग जातो. अभंगातलं एखादं अक्षर त्यांनी गिळलेलं मी कधी ऐकलं नाही. गेल्या वर्षी हरिनाम सप्ताहात त्यांनी गौळण म्हटली आणि मंडपाच्या मधल्या खांबापलीकडे तिचा एक शब्द पोचला नाही. टाळ पोचले, ढोलकी पोचली, खंजिरी तर वेशीपर्यंत गेली असेल. खाली उतरल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "माह्याच गळ्यात जोर नाही राह्यला आता."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यांच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं. भाड्याने आणलेला माइक त्यांच्यापासून हातभर लांब उभा होता, त्याच्या अगदी शेजारी टाळ वाजत होते, आणि पुढची सगळी यंत्रणा आदल्या रात्री एका वरातीत वाजून आलेली होती. वरातीत कोणाला शब्द ऐकायचा नसतो. म्हणून यंदा मंडळाने वर्गणीतून स्वतःचा साउंड घ्यायचं ठरवलं, तेव्हा तो निवडायचं काम मी मागून घेतलं.

साउंडच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा पाहिजे?" मंडळातल्या बायकांनीही मला निघताना तेच सांगितलं होतं, चांगला मोठ्या वॅटचा पाहा म्हणून. वॅट म्हणजे ताकद, आणि कान ताकद सरळ हिशेबाने मोजत नाही. शंभर वॅटच्या जागी दोनशे वॅट लावले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवेल एवढाच फरक. आवाज दुप्पट झाला असं वाटायला ताकद साधारण दहापट लागते. तेच माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं, तर माइकला मिळणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि त्याला एक पैसा पडत नाही. हातभर लांबचा माइक चार बोटांवर आणणं म्हणजे तीस-चाळीसपट ताकदीचा अॅम्प्लिफायर घेतल्यासारखं आहे. हा हिशेब मी कागदावर मांडून मंडळाला दाखवला, तेव्हा पेटीवाले मामा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले.

दुकानदाराला मी म्हटलं, "भाऊ, आमच्यात जिचा आवाज सगळ्यात हळू आहे, तिच्यासाठी दाखवा." तो थांबला. मग वर ठेवलेले मोठे डबे तसेच राहू देऊन काउंटरखालून माइकच्या पेट्या काढायला लागला. "मंग वॅट राहू द्या. आधी माइक पाहू." हा माणूस आपल्या कामाचा आहे, हे मला तेव्हाच कळलं.

ज्या मंडळात दहा गळे आहेत तिथे यंत्रणा सगळ्यात मोठ्या गळ्याकडे पाहून घेतली जाते, असं मी वर्षानुवर्षं पाहिलंय. जो खणखणीत म्हणतो त्याला पुढे बसवतात आणि त्याच्यावर आवाज लावतात. त्याच्या आवाजाला बटण बसलं की बाकीचे आपोआप बुडतात. त्याला माइकची गरज सगळ्यात कमी असते. तो मंडपाबाहेरून म्हणाला तरी ऐकू येईल.

माइक नव्हता तेव्हा काय होतं, हा विचार या खरेदीच्या निमित्ताने माझ्या डोक्यात सारखा फिरत राहिला. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केलं. तुडुंब भरलेलं नाट्यगृह आणि मधे कुठलंही यंत्र नाही. त्या काळचे गवई चढ्या पट्टीत गात, स्वर उघडा लावत, त्यात सौंदर्याइतकीच गरज होती. शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलेलं असे. आमच्याकडच्या वारकरी भजनात पुरुष अजूनही तशाच चढ्या पट्टीत म्हणतात. माइक समोर असतो, पण गळ्याची सवय माइकच्या आधीची आहे.

कीर्तनाने मात्र याहून शहाणा मार्ग काढला होता. कीर्तनकार ओळ म्हणतो, मागे उभे असलेले टाळकरी ती झेलतात, आणि मग समोर बसलेले लोक तीच ओळ उचलतात. शेवटच्या माणसाकडे पोचेपर्यंत ती ओळ तीनदा म्हटली गेलेली असते, आणि तिसऱ्या वेळी ती त्याच्या शेजारच्याच तोंडून आलेली असते. गाडगेबाबांनी तर समोरच्या सगळ्या गर्दीलाच टाळकरी केलं. ते प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घेत. पाच हजार माणसांत शब्द पोचवायची याहून चांगली सोय मला माहीत नाही. बंजारा तांड्यांतही हेच दिसतं. आमच्या वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीत, ५ ऑक्टोबर २०२४ ला जे विरासत संग्रहालय उघडलं त्याची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे. तांड्याला एकत्र आणणारं वाद्य ते. होळीच्या दिवसांत तांड्यात लेंगी गीतं ऐका: एकाने उचललेली ओळ सगळे उचलतात, आणि रानातून जाणाऱ्यालाही ती कळते.

तुकडोजी महाराजांच्या खंजिरीकडेही मी आता वेगळ्या कानाने पाहतो. खंजिरी गाणाऱ्याच्या स्वतःच्याच हातात असते. शब्द महत्त्वाचा आला की हात आपोआप हलका पडतो, शब्द संपला की थाप उठते. साथ आणि गळा एकाच माणसाचे असल्यावर कोण कोणाला बुडवणार? विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हा खंजिरीचा बाज इतका रुजला, त्यामागे हे एक कारण असावं असं माझं मत आहे.

म्हणजे आपल्याकडे गाणाऱ्याची ध्वनियंत्रणा माणसंच होती. मग माइकने काय दिलं? माइकने लहान आवाजाला सभेत जागा दिली, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. हलक्या, बोलल्यासारख्या आवाजात म्हटलेलं भावगीत रेडिओ आणि माइक यांच्याच हाताला धरून घरोघर गेलं. गजाननराव वाटवे गणेशोत्सवाच्या मांडवात भावगीत म्हणत आणि माणसं रस्त्यावर बसून ऐकत. तो गळा 'संयुक्त मानापमाना'च्या काळात गात असता तर बैठकीच्या खोलीबाहेर गेला नसता. आमच्या काकूही माइक नसता तर जन्मभर मागच्या ओळीत राहून ध्रुपद झेलत बसल्या असत्या. त्यांना एकटीने गौळण म्हणता येते ती या बोटभर लांबीच्या वस्तूमुळे. म्हणून ती वस्तू बरोबर निवडली गेली पाहिजे, यात मला कुठलीही तडजोड नको होती.

मराठी कानाची एक गंमत मला या कामात नव्याने भेटली. 'जग' हा शब्द घ्या. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगत राहा. लिहायला दोन्ही सारखे, पण दुनियेतला 'ज' टाळूला लागतो आणि जगण्यातला 'ज' दातांमागून येतो. 'चार' आणि 'चारा' यांतल्या 'च'चंही तसंच. हा फरक कागदावर नाही, तो केवळ उच्चारात आहे, आणि तोही उच्चाराच्या वरच्या, बारीक, शीळ घातल्यासारख्या भागात. स्वरांची ताकद खाली असते, व्यंजनांची धार वर असते. साधारण दोन हजार हर्ट्झपासून पुढे ती धार सुरू होते, आणि 'ज'च्या या दोन जातींना वेगळं करणारा भाग त्याहीपेक्षा वर जातो. जी यंत्रणा वरचं कापते आणि खालचं फुगवते, तिच्यातून सूर येतो, ताल येतो, पण दोन्ही 'जग' एक होऊन जातात. संतांच्या अभंगात ते एक होऊन कसं चालेल?

आणि हे मी वाशीमात बसून लिहितोय, याचं मला फार वाटतं. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या शाखेचा राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' काव्य लिहिलं. ते आज अखंड मिळत नाही, पण पुढच्या काव्यशास्त्रकारांनी त्याची दखल घेतली. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त एक कथा सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला परत आणायला साहित्यविद्यावधू त्याच्या मागे देशोदेशी फिरली, आणि शेवटी दोघांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. कवितेचं लग्न आमच्या गावात लागलं! ज्या रीतीला वैदर्भी म्हणतात तिचे दहा गुण दंडीने मोजले, त्यांत प्रसाद हा एक. प्रसाद म्हणजे ऐकताक्षणी अर्थ उमगावा असं बोलणं. साउंड निवडताना मी प्रसादगुण शोधत होतो, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

माइककडे परत येतो. दोन जातींचे माइक समोर आले. एक डायनॅमिक: आत लोहचुंबक आणि त्याभोवती हलणारं तारेचं बारीक वेटोळं, पडला-झडला तरी चालतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही. दुसरा कंडेन्सर: त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि तो फार बारकाईने ऐकतो. कंडेन्सर मी हेडफोन लावून ऐकला तेव्हा बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा स्वच्छ आला. तो मला सोडवेना. पण जो श्वास ऐकतो तो चार हातांवरचे टाळही ऐकतो, आणि आमच्या मंडळात टाळांच्या सहा जोड्या आहेत. बंद खोलीत रेकॉर्डिंग करायचं असतं तर तोच घेतला असता. मंडपासाठी डायनॅमिक.

त्यातही तो ऐकतो कुठून हे पाहावं लागतं. गाण्याच्या बहुतेक माइकना कार्डिऑइड म्हणतात. त्यांच्या ऐकण्याचा नकाशा काढला तर तो पत्त्यातल्या बदामासारखा दिसतो: समोरून भरपूर, बाजूने कमी, पाठीमागून जवळजवळ काहीच नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या शुअर कंपनीने काढलेला एसएम ५८ हा या जातीचा सगळ्यात ओळखीचा माइक. साठ वर्षं होत आली, अजून जगभर त्यावरच गातात. त्याच्या नकलाही बाजारात तितक्याच आहेत, तेव्हा घेताना पावती घ्यावी. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा छोटा स्पीकर, ज्याला मॉनिटर म्हणतात, तो अशा माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवायचा, म्हणजे शिट्टी येत नाही. सुपरकार्डिऑइड माइक असेल तर त्याला पाठीमागूनही थोडं ऐकू येतं. तिथे मॉनिटर जरा बाजूला सरकवावा लागतो. शिट्टीचं शास्त्र एवढंच आहे: स्पीकरमधला आवाज माइकने ऐकला, पुन्हा स्पीकरला दिला, पुन्हा ऐकला. आजकालची पोरं माइकची जाळी मुठीत धरून गातात. त्या जाळीच्या मागच्या अंगाला जी भोकं असतात तीच माइकला पाठीमागचं ऐकू देत नाहीत. ती मुठीत बंद झाली की बदाम मोडतो, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी सुटते. मग शिव्या साउंडवाल्याला.

तीन माइक निवडून मी काकूंना दुकानात घेऊन गेलो. त्यांना आधी पटेना. "माइक घ्याले मी कायले पाह्यजे? तुमी पाहा न." पण चप्पल घेताना पाय न्यावा लागतो, तसा माइक घेताना गळा न्यावा लागतो. माइकच्या अगदी जवळ गेलं की खालचा सूर भरतो, हा या जातीचा स्वभाव आहे. मामांचा भरदार आवाज त्याने गढूळ होतो, त्यांना चार बोटांऐवजी वीतभर मागे बसवावं लागतं. काकूंच्या बारीक आवाजाला मात्र तेच भरणं अंगाला बसलं. पहिल्या माइकवर त्यांचा 'स' टोचत होता. दुसऱ्यावर सगळं गोड पण झाकलेलं. तिसऱ्यावर त्या दोन ओळी म्हणाल्या आणि दुकानातला पोरगा हातातली तार तशीच धरून उभा राहिला. तो घेतला. तीन माइकमध्ये तो किमतीने मधला होता.

स्पीकरचा वाद मोठा झाला. जुन्या मंडळींना भोंगे हवे होते. भोंग्याला मी नावं ठेवणार नाही. थोड्या ताकदीत तो आवाज लांब फेकतो, पावसात भिजला तरी चालतो, सूचना द्यायला त्याच्यासारखं काही नाही. लांबवर तार ओढायची असेल तर शंभर व्होल्टच्या लाइनवर तो पुरतो, म्हणून सगळी खेडी त्याच्यावर वाढली. पण तो खालचं आणि वरचं दोन्ही टाकून देतो आणि मधलंच तेवढं नाकात बोलल्यासारखं पुढे पाठवतो. आम्ही कॉलम घेतले: एकाखाली एक बसवलेले छोटे स्पीकर. एका रांगेत उभे केल्यामुळे त्यांचा आवाज आडवा पसरतो, उभा फारसा पसरत नाही. मंडपावर पत्रे असले की हे फार उपयोगी पडतं. वर कमी गेलेला आवाज पत्र्यावरून परत कमी येतो.

मागच्यांसाठी पुढचे स्पीकर वाढवायचे नाहीत, हे मी हट्टाने ठरवलं होतं. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कानांनी मागच्यांचं भाडं का भरावं? म्हणून मंडपाच्या मध्यावर दोन लहान कॉलम जास्तीचे लावले. पण तिथे एक अडचण उभी राहते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो, तारेतला संकेत मात्र त्याच क्षणी पोचतो. वीस मीटरवरच्या माणसाला जवळचा स्पीकर आधी ऐकू येतो आणि मंचाजवळचा जवळजवळ ६० मिलिसेकंदांनी मागून येतो. एक शब्द दोनदा. गावात वेगवेगळ्या खांबांवर बांधलेले भोंगे ऐकताना जो गलका होतो, तो यामुळेच. मधल्या स्पीकरला मीटरमागे ३ मिलिसेकंद या हिशेबाने उशीर लावला की शब्द पुन्हा एक होतो. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. आमचा सगळ्यात जास्त पैसा त्या मिक्सरवर गेला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

इको. यावर माझं आणि मंडळातल्या तरुण सुनांचं शेवटपर्यंत जुळलं नाही. इको लावला की गाणं सिनेमातल्यासारखं वाटतं, त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण इको म्हणजे गेलेल्या अक्षराची सावली पुढच्या अक्षरावर टाकणं. दगडी देवळात तर ती सावली आधीच असते. आमच्या बालाजी मंदिराच्या दगडी मंडपात एक टाळी वाजवून पाहा, ती वाजून संपल्यावरही थोडी उरते. अशा जागी यंत्राने आणखी भर घालायची नसते. शिवाय रिकाम्या मंडपात सकाळी लावलेली बटणं रात्री चालत नाहीत, कारण माणसं आवाज पितात. पाचशे माणसं बसली की जागाच वेगळी होते. शेवटी एवढं ठरलं की नामाच्या गजराला थोडा इको, अभंगाला नाही.

बाकीचं भराभर सांगतो. तीन पिनांच्या तारा घ्याव्यात: त्यांत एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो, वाटेत शिरलेली घरघर दोन्हींत सारखी असते आणि शेवटी एकमेकींना खोडते. अर्थिंग नीट हवं. लाइट गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल असा एक साधा अॅम्प्लिफायर हाताशी ठेवावा, आमच्याकडे तो लागतोच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या नियमांचा दंडक. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. त्यामुळे कार्तिकातला काकडा आमच्याकडे पहाटे बिनमाइकचाच होतो, आणि तरी तो शेजारच्या वस्तीपर्यंत जातो. थंडीत जमिनीजवळची हवा गार आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर निघून न जाता वाकून खाली येतो. थंड पहाटेची ती हवा कुठल्याही दुकानात मिळत नाही. मी दरवर्षी अंथरुणातून उठून ऐकतो.

तालमी महिनाभर केल्या. बसून म्हणायचं, म्हणून बुटके स्टँड घेतले. टाळ माइकच्या पाठीमागच्या बाजूला बसवले, म्हणजे बदामाच्या देठाकडे. काकूंना माइकची भीती होती. "तोंडाले लावू काय त्याले?" असं म्हणत त्या दर ओळीला मागे सरायच्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, नातवाच्या कानात सांगता तसं सांगा." तेव्हापासून त्या हलल्या नाहीत.

सप्ताहाच्या सहाव्या रात्री त्यांनी तीच गौळण म्हटली. मी मंचाजवळ थांबलो नाही, शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसलो. माझ्या शेजारी शेजारच्या गावाहून आलेले एक आजोबा होते, काठी मांडीवर आडवी ठेवलेली. तिसऱ्या कडव्याला त्यांनी मान वर केली. गौळण संपली, टाळ थांबले, आणि ते काठी टेकत सगळ्या माणसांमधून वाट काढत मंचापर्यंत गेले. मला वाटलं, पाया पडायला गेले असतील.

"बाई," ते काकूंना म्हणाले, "त्या तिसऱ्या कडव्यातला शब्द तुमी चुकला. आमच्या बाबाजीनं तो दुसरा शिकवला होता."

"चुकला कसा? माह्या मायनं असाच शिकवला मले."

"मंग तुमच्या मायले कोनं शिकवला?"

काकू स्टँड बाजूला सरकवून खाली उतरल्या आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या. आजोबांनी आपला शब्द म्हणून दाखवला, काकूंनी आपला. फरक एका अक्षराचा होता. मामांनी पेटी पुन्हा उघडली. मी तारा गुंडाळायला घेतल्या होत्या, त्या खाली ठेवल्या.